बेझिलवरचं कुंकू

७ जानेवारी, मंगळवार

कुंकू! म्हणे तुमच्या बेझिलवर लाल पूड आहे!

सकाळी सातलाच भावेशचा फोन. आमची भाजी घेणाऱ्या, कर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या इटालियन हॉटेलचा शेफ, वय जेमतेम तीस, आणि तोरा असा की जेवणाचा शोध यानंच लावला. ‘‘मॅडम, ही केमिकल पावडर असेल तर मी सगळ्या हॉटेलांच्या ग्रुपवर टाकणार.’’ मी म्हटलं, टाक, आणि खाली तुझं नावही टाक. फोन ठेवला. 

बेझिलच्या, म्हणजे त्या इटालियन तुळशीच्या, पानांचा फोटो पाठवला होता. लाल, थोडं पिवळं. केमिकल कसलं, सरळ हळदकुंकू! पण आलं कुठून?

हे हॉटेल गेलं तर सगळंच गेलं. नेऱ्याच्या आमच्या शेताभोवती आता फार्महाऊसं आणि पोहण्याचे तलाव. प्लॉटवाले रोज येतात. अपूर्व पुण्याहून सारखा म्हणायचा, आई, देऊन टाकू. माझे यजमान गेल्यावर अर्धा हिस्सा मीच त्याच्या नावावर केला, उरलेला माझ्या धाकट्या जावेचा, शांतीचा. शेवटी त्यानं शब्द दिला – ‘‘एक मोठं हॉटेल वर्षभर गिऱ्हाईक म्हणून टिकवून दाखव, मग मी जमिनीचं नाव काढणार नाही.’’ फेब्रुवारीत वर्ष होतं. मी टिकवणार!

८ जानेवारी, बुधवार

गणूच. दुसरं कोण? भाजीचे क्रेट त्याच्याच टेम्पोतून जातात, आणि टेम्पोत पुढे अख्खं देऊळ – गणपती, एकवीरा, साईबाबा, उदबत्त्या, लिंबू-मिरची. आज गाठलंच त्याला.

‘‘मावशी, देव फुडं, भाजी मागं. देव काय उडी मारून जातात का क्रेटमधी?’’

‘‘तोंड सांभाळ.’’

‘‘तुमी सांभाला. पाच वर्सं तुमची मेथी पोराला घेऊन जातात तशी घेऊन जातो. उद्यापासून दुसरा बघा.’’

शांती वाफ्यात उभी होती. ऐकत होती.  तिच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. भाऊजी गेले त्या दिवसापासून तिनं कुंकवाचा करंडा हातात घेतलेला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही कोणी बोलावत नाही. मलाही नाही, पण मला त्याचं सुतक नाही. नन्सच्या शाळेत वाढले मी, कपाळावरून माणूस ओळखायला शिकले नाही.

९ जानेवारी, गुरुवार

टेम्पो नाही. रिक्षातून क्रेट नेले. लेट्यूसची पानं चुरगळली. भावेशनं अर्धी परत पाठवली.

१० जानेवारी, शुक्रवार

स्वतः गेले हॉटेलात. भर दुपारी, गिऱ्हाईकं बसलेली असताना. भावेश म्हणाला, आत किचनमध्ये बोलू. मी म्हटलं, बदनामी बाहेर करणार होतास, मग बोलणंही बाहेरच होईल. इंग्रजीत चांगली दहा वाक्यं ऐकवली. सिस्टर अग्नेसनं घोटून घेतलेलं व्याकरण अशा वेळी फार उपयोगी पडतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं चमचा खाली ठेवला.

पोरगा वाईट नाही. शेवटी हळूच म्हणाला, ‘‘आंटी, तुमच्यासारखं बेझिल मला कुणीच देत नाही हो. पण पुन्हा एक डाग दिसला तर माझी नोकरी जाईल.’’

मॅडमची आंटी झाले. चालेल. पण एक डाग, आणि बंद.

११ जानेवारी, शनिवार

न सांगता पहाटे शहरातल्या घरून नेऱ्याला गेले. धुकं होतं. शांती वाफ्यात ओणवी. वाटलं, तोडणी चाललीय. जवळ गेले तर हातात करंडा! एकेका वाफ्याला हळद, कुंकू, नमस्कार. बेझिल, लेट्यूस, चवळी, सगळ्यांना.

माझा तोल गेला. काय काय बोलले! अडाणी म्हटलं. घर बुडवायला निघालीस म्हटलं. आणि – हे लिहायला हात धजत नाही – ‘‘कुंकवाला हात लावायची लाज नाही वाटली?’’ असंही म्हटलं. मी! कपाळावरून माणूस न ओळखणारी!

ती सरळ उभी राहिली. पदराला हात पुसले.

‘‘धुऊन देते, बाय. डाग नाय राहनार.’’

बादल्या भरभरून पानं धुतली तिनं. थंडीत बोटं पांढरी पडली. मी हातमोजे घाल म्हणाले नाही.

१२ जानेवारी, रविवार

जिंकलो! भावेश खूश. पुढचं सगळं वर्ष भाजी आमचीच घेणार, हॉटेलच्या मालकानंही होकार दिला. गणूकडे जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला, वर म्हणाला, ‘‘मावशी, तुमी माफी मागता तीबी वरडूनच.’’

अपूर्वला फोन केला. वाटलं होतं, उड्या मारेल. तो नुसतं ‘बरं’ म्हणाला. मग – ‘‘आई, संक्रांतीला येतो. समोर बसून बोलू.’’

समोर बसून काय बोलायचंय? झोप नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

मोजणीवाले आले होते. बेझिलच्या वाफ्यात खुंट्या ठोकल्या. त्यांच्याच तोंडून कळलं – अपूर्वनं त्याचा हिस्सा दिवाळीतच विकला.

शांतीला ठाऊक होतं. ‘‘माझे पाय धरले पोरानं. आयला मी सांगेन, तू नको सांगू, म्हनला. मी काय करू, बाय? लेक सासरी निघाली की कुंकू लावतात ना? तसं लावत व्हते.’’

 करंडा मागून घेतला. पालकाचा वाफा राहिला होता. त्याला कुंकू मी लावलं.