दत्तगुरूंच्या पायाशी पात्रांव

प्रिय तनया,

आधी तक्रार ऐक. आमच्या पोदेराने, त्या पाववाल्याने, माझ्यावर बहिष्कार टाकला आहे. इतकी वर्षं तो सायकल फाटकातून आत घालायचा, पोई माझ्या हातात द्यायचा आणि आपल्या पात्रांव कुत्र्यापुढे एक शिळा उंडा पाव टाकायचा. आता वळणावरच उभा राहून पों-पों करतो आणि लांबून ओरडतो, “साहेब, हांगा येयात!” लुंगी सावरत जाऊन परत येईतो पोई गार, चहा गार, गरम तेवढा मी. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थावरचा हा अन्याय पंचायतीत मांडावा असं मनात होतं. पण पंचायतीने पहिलाच प्रश्न केला असता, की पोदेर आत का येत नाही? म्हणून पंचायत सोडून तुला लिहितो आहे.

त्याला मी समजावून पाहिलं. म्हटलं, आमचा कुत्रा तसा नाही, भाच्याने त्रिशूळ टोचला म्हणून चावला तो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या घराकडे निघून गेला. हे वाक्य मी आजवर डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, भावोजींना आणि तुला इतक्यांदा ऐकवलंय, की आता ते तोंडातून आपोआप निघतं.

दत्तजयंतीच्या वेशभूषेत गौरेशला दत्त करायची कल्पना माझी. तू म्हणाली होतीस, “दादा, चार वर्सांचो पोर तीन तोंडां सांभाळतलो कसो?” पण मी ऐकतो कुठे! नव्या फ्रिजच्या खोक्यातून दोन तोंडं आणि चार हात कापले, तुझ्या वहिनीच्या जुन्या साडीची भगवी छाटी केली, तुझ्या सासूबाईंचा तांब्या कमंडलू म्हणून मागवला. शेजारच्या गाईने अंगणात पाऊल ठेवायला साफ नकार दिला, तेव्हाच मला अक्कल यायला हवी होती. पण पात्रांव होता. दत्ताला कुत्री चार, आपल्याकडे एक, पण जर्मन शेफर्ड, म्हणजे अंगापिंडाने चारांना पुरून उरणारा. दत्ताचा कुत्रा दत्ताला काय करणार, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. हरमलच्या किनाऱ्यावर बैलाच्या गळ्यात पडून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांची मी किती टवाळी केली आहे, तुला माहीत आहे. तोच मी अंगणात उकिडवा बसून, फोन आडवा धरून, बैलाच्या जागी कुत्रा आणि पाहुण्याच्या जागी तुझा मुलगा बसवत होतो.

तू आणि वहिनी आत प्रसादाचं बघत होतात. बाहेर तिसरं माणूस नव्हतं, म्हणून जे झालं ते माझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

गौरेश माझ्या सांगण्यावरून पात्रांवला टेकून बसला होता. पुठ्ठ्याचा एक हात पात्रांवच्या कानावर घासत होता. एरवी अंगाखांद्याशी खेळणाऱ्या पोराला अचानक तीन तोंडं फुटलेली बघून त्या मुक्या जिवाला काय वाटलं असेल! त्याने तोंड फिरवलं. ओठ चाटले. उठायला गेला, तर मी “बस” म्हटलं आणि तो बसला. मग अंग ताठ करून गुरगुरला. गौरेशने माझ्याकडे बघून विचारलं, “मामा, उठू?”

मला ऐकू आलं होतं, तनया. गुरगुरणं कळलंही होतं. पण ऊन तुळशीवरून नेमकं त्या दोघांवर आलं होतं. मी म्हटलं, “हलू नकोस बाबू, गळ्यात हात टाक, अजून एकच.” त्याने हात टाकला.

त्रिशूळ तर केव्हाच मागे तुळशीपाशी पडला होता. गौरेशने कुणाला काही टोचलं नाही.

तू धावत बाहेर आलीस तेव्हा ते त्रिशूळाचं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तुम्ही सगळ्यांनी ते उचललं. दवाखान्यात गालाला टाके पडत असताना तू त्यालाच रागावलीस. मला म्हणालीस, “आमचोच वांड रे, दादा.” मी ‘असू दे’ म्हटलं. मोठ्या मनाने! पुढे व्हिडिओ कॉलवर तू त्याला माफी मागायला लावलीस. गालावर पट्टी, आणि तो फोनच्या पडद्याला म्हणतोय, “सॉरी पात्रांव, परत नाय टोचूचंय.” पात्रांव आपला शेपूट हलवत होता. पात्रांवच्या वतीने मी म्हटलं, “माफ केलं हां.”

गेल्या आठवड्यात फोनवर तू हसत सांगितलंस, की शेजाऱ्यांचं पिल्लू आलं तर गौरेश हात पाठीमागे धरून उभा राहतो. म्हणतो, माझे हात वाईट. तू हसलीस, मीही हसलो. फोन ठेवल्यावर वहिनीने माझं तोंड बघून विचारलं, “तुमकां काय झालां?” तिला सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते योग्यच आहे.

मागच्या अंगणात जाळी घातली आहे. घरात पोरं असतील तेव्हा पात्रांव तिथे राहील. त्याला शिक्षा म्हणून नव्हे. माझ्यासारख्यांना फोटो सुचतात म्हणून. पोदेरालाही खरं काय ते सांगितलं आणि वळणावरच थांब म्हटलं, तेवढं चालणं माझ्या वाट्याचं. रविवारी सासूबाईंचा तांब्या घेऊन तुमच्याकडे नार्व्याला येतो. तुला नि भावोजींना जे बोलायचं असेल ते बोला, ऐकून घेईन. पण त्याआधी पुढचं एवढं गौरेशला वाचून दाखव. हे पत्र त्यासाठीच लिहिलंय; फोनवर माझ्याच्याने झालं नसतं.

गौरेशबाबू, तू त्रिशूळ टोचला नव्हतास. मामाने सांगितलं तसाच तू शहाण्यासारखा बसला होतास. पात्रांव ‘नको’ म्हणत होता, तूही उठू का विचारलंस, आणि मामाने दोघांचंही ऐकलं नाही. तुझा सॉरी पात्रांवने घेतलाच नव्हता, मामाने घेऊन ठेवला होता. तो मामाचा नाही. हा घे, परत. आणि त्याच्यासोबत माझा एक. तुझे हात चांगले आहेत.

तुझाच, तोंड दाखवायला येणारा,
सगुणदादा