दोन ठोक्यांमधलं अंतर

सोमवार, ३ मार्च

छातीला पट्टा बांधलाय. नातीचा अभ्यास – काळजाचे ठोके मोजून अंगातल्या आपोआप चालणाऱ्या नसांचा कारभार ओळखायचा. कुठल्या वेळी काय केलं तेही टिपायचं म्हणे. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सूनबाई लिहिते. निम्मं गाळत असणार. वाचून दाखव म्हटलं की मात्र सगळं गोड वाचते.

सकाळी वाटाणे सोलले. दुपारी पडले. चारला लिखाण.

मंगळवार, ४ मार्च

वाटाणे. झोप. लिखाण. यात नसांनी तरी काय दिवे लावायचे?

बुधवार, ५ मार्च

लेकीचा फोन. रविवारी मला न्यायला येते – कायमची. मुलगा जाऊन वर्ष झालं. सुनेनं एकटीनं किती दिवस सासू सांभाळायची, असं तिचं म्हणणं. "बरं झालं, सुटले एकदाची," मी म्हटलं.

सूनबाई भांडी पुसत होती. राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. एकच पातेलं तीनदा पुसलं.

गुरुवार, ६ मार्च

नातीनं मोबाइलवर ठिपक्यांची रेघ दाखवली. मला वाटायचं, ठोके घड्याळासारखे पडले की माणूस ठणठणीत. उलटंच निघालं! जीव निवांत असला की दोन ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होतं, ठिपके झुलतात. ताण आला की सगळे ओळीत, बापापुढे उभी केलेली पोरं जशी.

फोनच्या वेळचे माझे ठिपके भलतेच शिस्तीत.

"आजी, सुटलीस ना तू?" कार्टी हसते.

"सगळ्यात निवांत कधी असते ते सांग."

"रोज चारला."

चारला मी सूनबाईला टोचत बसलेली असते. हेही तिनं लिहिलं, मान वर न करता.

शनिवार, ८ मार्च

माझं कळलं. तिचं कसं कळावं? विचारलं तर 'तुमची इच्छा, आई.' पंचवीस वर्षं तेच ऐकतेय.

आज पट्टा तिला बांधायला लावला.

"मला कशाला, आई?"

"बांध गं. सासू सांगतेय."

नात मोबाइल धरून बसली. ठिपके ओळीत. मग म्हटलं, "मी जात नाही. इथंच राहते. चालेल?"

"तुमची इच्छा, आई."

नात म्हणाली, एवढ्यावरून काही ठरत नसतं, आजी. नसेल. मी मोबाइल ओढून घेतला. ठिपके झुलायला लागले होते. अक्षरं येत नाहीत मला, ठिपके येतात.

रविवार, ९ मार्च

लेक आली. जेवून एकटीच परत गेली. पट्टा नातीला देऊन टाकला.

चारला लिखाण.