बाबांच्या मापाचं कपाट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. बाथरूममधलं सगळं सामान सध्या बाहेरच्या खोलीत पसरलंय, त्यामुळे प्रत्यक्ष साष्टांग घालायला जमीनच उरलेली नाही.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? पोरं अभ्यास करतात का, हे मुद्दामच विचारत नाही. तुझं उत्तर भांडणाने सुरू व्हायला नको. आमचं विचारशील तर टाइल्स बसल्या, नळ बसले, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ते शेपूट म्हणजे बेसिनखालचं कपाट. फोनच करणार होतो, पण बाबांचे गुडघे ब्याऐंशी वर्षांचे असले तरी कान अजून विशीतले आहेत, म्हणून ही चोरून लिहायची कसरत.

हा सगळा घाट बाबा बाथरूममध्ये पडले म्हणून घातला, हे तुला माहीत आहेच. पण घरात 'पडले' हा शब्द चालत नाही. बाबांच्या मते ते 'खाली बसले'. तीस वर्षं शाळेत पोरांना कवायत शिकवलेला माणूस पडत नसतो. सुताराने बिचाऱ्याने पहिल्याच दिवशी सुचवलं, की भिंतीला धरायची दांडी लावा, दवाखान्यात असते तशी. बाबा म्हणाले, "लावा की. आणि मग अंघोळही तुम्हीच करा." सुतार तीन दिवस फिरकला नाही.

तेव्हा तुझ्या भावजयीने डोकं चालवलं. बाबांना आधार द्यायचा, पण तो कपाटाच्या नावाने. म्हणून आम्ही तयार कपाटं बघायला दुकानात गेलो. विक्रेता रंग दाखवत होता, कप्पे दाखवत होता, हळूच आपोआप मिटणारे ड्रॉवर दाखवत होता, आणि मी प्रत्येक कपाटाच्या कडेला धरून गुडघे सोडून लोंबकळत होतो. (बाबांपेक्षा माझं वजन बारा किलोने जास्त आहे, म्हणजे परीक्षा कडकच झाली.) तिसऱ्या कपाटाची कड माझ्या हातात आली, कपाट जागेवरच राहिलं. विक्रेता म्हणाला, "साहेब, हे वापरायचं असतं, धरायचं नसतं." आता आमची अडचण त्याला कशी सांगणार? तुझी भावजय शेजारचे आरसे बघत राहिली, जणू मी तिचा कोणीच नव्हे.

शेवटी पुन्हा सुताराचे पाय धरले. त्याने तोडगा काढला: कपाट साधंच करायचं, आणि त्याच्या पुढच्या कडेने जाड स्टीलची दांडी, थेट भिंतीत बोल्ट मारून. विचारलं तर टॉवेल टाकायची. बाबांनी नुसतं एवढंच म्हटलं, "बाथरूममध्ये कपाट? मग बाहेरच्या खोलीत नळ घ्या." म्हणजे संशय नव्हता. पण दांडी किती उंचीवर? सुतार म्हणाला, माणसाच्या मनगटाचं माप द्या, टाइलला भोक एकदाच पडतं. तेव्हा तुझी भावजय टेप घेऊन गेली आणि बाबांना म्हणाली, तुमच्यासाठी स्वेटर विणतेय. (तिला विणकाम येत नाही, हे बाबांना लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.) तिने मनगटापासून जमिनीपर्यंत टेप सोडली तेव्हा बाबांनी विचारलं, "स्वेटर घोट्यापर्यंत येणार का?" पण टेप बघताच ते असे 'सावधान'मध्ये उभे राहिले, की आम्हीच ताठ झालो. माप मिळालं. बत्तीस इंच. सोमवारी सुतार भोकं पाडणार.

थांब जरा. बाबा आत गेलेत. कडी लावली. (कडी काढून टाकूया म्हटलं तर त्या दिवशी जेवले नाहीत.) नळ चालू झाला. तुझी भावजय दाराबाहेर तेच फडकं चौथ्यांदा घडी करतेय. नळ बंद. काही ऐकू येत नाही. ताई, हे रोज असं चालतं, आणि रोज मी असाच दाराकडे कान लावून बसतो.

खाकरले. येताहेत. हे पत्र मी सुताराने कपाटाचा रंग निवडायला दिलेल्या लॅमिनेटच्या नमुन्यांच्या पुस्तकात लपवतो. त्या पुस्तकाला बाबा हात लावत नाहीत.

तुझा,
धाकटा

ता.क. खरं काम हे: पुढच्या आठवड्यात दोन दिवस ये. कंबर दुखतेय असं म्हण (दुखतेच आहे) आणि बाबांच्या देखत ती दांडी धरून तोंड धू. तू धरलीस तर ते धरतील. मी धरली तर म्हणतील, सोड, तुटेल.

ता.क. २. हे कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी बाहेरच पेपर वाचत होतो. आवाज आला. बादली पडली असेल असं वाटलं आणि मी पान उलटलं. बाबा वीस मिनिटं आत तसेच होते.

ता.क. ३ (अक्षरावरून ओळखशीलच). चि. ताईस आशीर्वाद. नमुन्यांचं पुस्तक मी रोज दुपारी बघतो. घरात मला कोणी रंग विचारत नाही म्हणून काय झालं? माप घेताना मी टाचा उचलल्या होत्या. सुनेच्या टेपवर वाकलेला सासरा नोंदला जाऊ नये, एवढंच. दांडी दोन इंच खाली हवी. रविवारपर्यंत फोन कर आणि तुझंच मत म्हणून सांग. दांडी मी धरीन, पण कोणी बघत उभं राहायचं नाही. दुसरं, धाकट्याला सांग, त्या दिवशी आधी बादलीच पडली होती. मी नंतर. मीच सांगितलं असतं, पण मग पत्र वाचलं हे कळेल. त्याने विचारलं तर म्हणेन, पाकिटावर पत्ता होता, टपालात टाकून आलो. चालतच गेलो होतो.