खरखरीचा दुभाष्या

२ डिसेंबर
टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की आधी ‘खट्ट’ व्हायचं, मग आमची ही घसा खाकरायची आणि मग कविता सुरू. आज लेकीच्या घरात पाऊल टाकताना तोच ‘खट्ट’ कानात वाजला. ही जाऊन वर्षं लोटली, पण कान काही निवृत्त होत नाहीत. कायमचा राहायला आलो आहे आणि मजेत आहे. खोली झकास. लेकीने दारातच नवा हिरवा स्वेटर माझ्या अंगात चढवला. टोचतो, पण काढायची परवानगी नाही.
टेबलावर जावयाचा जुना कॉम्प्युटर. हिच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट त्याने त्यात भरून घेतली. त्या खटाटोपात फीत तुटली. म्हणतो कसा, “बाबा, आता कॅसेट हवीय कशाला?” धन्य! आता हिचा आवाज त्या डब्यात आहे, बाकी कुठेच नाही.

३ डिसेंबर
शाळेत कविता मी शिकवायचो, चाल मात्र हिची. पोरांसाठी ती टेप करून द्यायची. त्या दिवशी मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो, ही पुढच्या खोलीत:
नदीकाठची ओली वाळू,
पाऊल उमटे हळूहळू;
कोण आले, कोण गेले,
वाळूला ना येई कळू.
पण ‘कोण आले’पाशीच दाराची बेल वाजली. ही टेप चालूच ठेवून उठून गेली, परत आली, म्हणाली, “कुणी नव्हतं हो.” ती कविता मात्र तिने पुन्हा कधीच म्हटली नाही. फितीवर पुढे नुसती खरखर.
आज ऐकायला बसलो. ‘कोण आले’ आणि पडदा निळाशार! यंत्र आपोआप बंद, आपोआप सुरू. पुन्हा लावलं, पुन्हा त्याच शब्दावर. याला म्हणे बुद्धिमान यंत्र! माझ्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगासुद्धा पाठांतरात अडखळला म्हणून निळा पडत नसे.

५ डिसेंबर
जावयाने कॉम्प्युटरवाला आणला. तोंडात च्युइंगम, मला ‘आजोबा’ म्हणतो आणि लहान मुलासारखं समजावतो. यंत्र आणि त्याला जोडलेली वस्तू यांच्यातला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. आवाजाचा दुभाष्या बंद ठेवला की यंत्र धडधाकट चालतं, म्हणून खोट त्याचीच. मोठा शोध! जुना काढून नवा घातला. ‘कोण आले’ आणि निळा. नुसता आवाज पेनड्राइव्हवर घ्यायला गेला, तर तिथेही निळा. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी पोटभर हसलो.
मग चिडून म्हणाला, नऊ तारखेला येऊन सगळं पुसतो आणि नव्याने भरतो. जावयाने मान डोलावली. म्हणजे हिलाही पुसणार! जाता जाता त्या पोराने मला बजावलं, यंत्राने अनोळखी काही जोडू का विचारलं तर ‘नाही’ म्हणा. तुम्ही होकार दिल्याशिवाय काही आत येत नाही. शहाणाच आहे!

७ डिसेंबर
आज मीच बाह्या सरसावल्या. त्या च्युइंगमला जमतं ते मला का जमू नये? जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकला, स्पीकरची तार उपटली, प्रिंटर सोडवला. यादीच्या तळाशी एक नवीन ओळ उगवली: ‘अनोळखी साधन’. शेजारी पिवळी खूण. यंत्राला काहीच जोडलेलं नाही, मग हे कोण? आणि वर विचारतं, ‘ड्रायव्हर मिळाला आहे. जोडू?’
आगाऊपणा नुसता. बंद केलं.

८ डिसेंबर, सकाळ
उद्या पुसणार. लेकीला विनवलं, तर म्हणाली, “बाबा, नुसता आवाजच तर आहे ना?”
ती दोघं कामाला गेल्यावर यंत्राला ‘हो’ म्हटलं आणि कविता लावली.
निळा नाही! तार उपटलेल्या स्पीकरमधून कविता ‘कोण आले’च्या पुढे गेली. बेल. हिची पावलं. कडी निघाली. मग खरखर. त्या पोराच्या नाकावर टिच्चून!

दुपार
पुन्हा लावलं. खरखर आता खरखर नाही. शब्द आहेत. हिचे, दारातले.
“अहो, तुम्ही? तुम्ही तर आत बसलाय ना?”
त्या पोराचाच चावटपणा. दुसरं काय असणार.

नंतर
पुढचंही कळलं—
“आणि हा हिरवा स्वेटर कुणी दिला?”

ड्रायव्हर काढायला गेलो. म्हणतं, ‘साधन वापरात आहे.’ प्लग उपटला. आवाज चालूच—
ढ म्हणालो मी त्याला. बिचारं यंत्र रोज त्याच शब्दावर पडत होतं. पुढे जाऊ देत नव्हतं. आणि मी हसत—

बेल.
लेकीकडे किल्ली आहे. जावयाकडेही. तो पोरगा उद्या येणार—

दाराच्या भोकातून पाहिलं. म्हातारा आहे. हिरवा—
माझी छाती चाचपली. अंगात नुसता सदरा. स्वेटर मी काढलेला नाही. मी काढला नाही—

एका हाताने कडी मी धरून ठेवली आहे. हिने उघडली होती. मी नाही उघड—
बाहेरून म्हणतो आहे. हिच्या चालीत, माझ्या आवाजात. कोण आले, कोण