डॉक्टरांशी धरलेलं मौन

१२ जुलै २०००, बुधवार. आषाढी एकादशी.

औषध कंपनीची फुकट आलेली डायरी अर्धं वर्ष कोरी पडली होती. कागद वाया. पुढून दूध-वाण्याचा हिशेब घालते, मागून राग लिहिणार.

चातुर्मासाचा नेम आजपासून. दर वर्षी वांगं सोडते. यंदा डॉक्टरांशी बोलणं सोडलं.

कारण लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझंच मन विरघळायचं. रविवारी अमेरिकेतून तेजसचा फोन. वाय टू के-चं काम म्हणून गेला, दोन वर्षांत येतो म्हणून. आता म्हणतो, आई, मी इकडेच राहायचं म्हणतोय, घर बघतोय, बाबांना तू सांग, मला धीर होत नाही. एकुलता एक. सोमवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. कुकर शिट्ट्या मारत होता, तरी सांगितलं. डॉक्टर पेपर वाचत होते. म्हणाले, छान. आणि पान उलटलं.

छान!

कर्वेनगरात कुणालाही विचारा, डॉक्टरांसारखं ऐकून घेणारा माणूस नाही म्हणतील. कॉलेजातसुद्धा मुलांना तेच शिकवतात, पेशंटचं ऐका. घरात मात्र हं आणि छान. अडतीस वर्षांपूर्वी मॅट्रिक झाले मी. मलासुद्धा कळतं, मुलगा परत येणार नाही म्हटल्यावर काय म्हणायचं नसतं ते.

ठराव : ते स्वतः येऊन 'काय झालं' विचारेपर्यंत एक शब्द नाही. फार तर दोन दिवस लागतील. तोवर तोंड रिकामं नको म्हणून रामनाम. गुरुजी सांगतात, जपाला ओठ हलावेत, आवाज बाहेर येऊ नये. रागही होईल, पुण्यही होईल. एका गॅसवर दोन भांडी.

१४ जुलै, शुक्रवार.

अजून विचारलं नाही. दोन दिवस म्हणजे कमी धरले होते.

मौन कडक चाललंय. सिलिंडरवाल्यावर ओरडले ते धरत नाही, तो डॉक्टर नव्हे. देवाला मोठ्यांदा सांगितलं की कुणाचा तरी चहा गार होतोय, तेही धरत नाही, ते देवाला सांगितलं. चहा गारच झाला.

जप मुद्दाम त्यांच्या समोर करते. दिसू दे. जेवताना सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. कोशिंबीर लागली असेल म्हणून पुसलं. काही नव्हतं.

१९ जुलै, बुधवार.

खाली दवाखाना झाडून घेतला. पेशंटचं स्टूल डॉक्टरांच्या डाव्या हाताला असतं, दवाखाना सुरू झाला तेव्हापासून. हल्ली उजवीकडे सरकवलेलं दिसतं. हे बापूरावांचं काम. कंपाउंडर म्हणून आले, आता मालक झालेत. जागेवर ठेवलं.

या बापूरावांना आणखी एक शिंग फुटलंय. पेशंट काही सांगायला लागला की हे मध्येच उभे राहून तेच मोठ्यांदा डॉक्टरांना सांगतात. बाईंना तीन दिवस जुलाब आहेत, साहेब! रस्त्यावर ऐकू जातं. वेटिंगमधली माणसं हसतात. डॉक्टर वर मान डोलावतात. मी असते तर मेमो दिला असता.

वारज्याच्या वेणूबाई वर आल्या पाणी प्यायला. म्हणाल्या, मी गुडघा सांगितला, डॉक्टरसाहेबांनी घसा बघितला. वर म्हणतात, पण देवमाणूस हो, हात धरून बसतात, तोंडाकडे बघत राहतात, निम्मं दुखणं तिथंच जातं. मग गुडघ्याचं काय, विचारलं. तो राहिला, म्हणाल्या.

वेणूबाईंचा हात धरायला वेळ आहे.

२३ जुलै, रविवार.

गुरुपौर्णिमेला ग्रहण होतं म्हणून कॉलेजची मुलं आज आली. शिरा केला. साजूक तुपातला, कारण गुरूचा मान. गुरूचा म्हणजे गुरू या पदाचा.

डॉक्टरांचं भाषण सालाबादप्रमाणे. पेशंट बोलत असताना मध्ये तोडू नका, त्याचं रोगनिदान तोच सांगत असतो, तुम्ही फक्त कान द्या. नंतर थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. मुलांना वाटलं, केवढा विचार करतात. मला माहितीय, पुढचं वाक्य विसरले.

मग त्या उत्कर्षाला, ती नागपूरकडची हॉस्टेलवर राहणारी, जवळ खुर्ची ओढून बसवलं. मान तिच्याकडे कलती. काय म्हणालीस बाळ, परत सांग. तिनं परत सांगितलं. पुन्हा एकदा सांग. तिसऱ्यांदा सांगितलं! मला मात्र पहिल्यांदाच 'छान' मिळालं होतं.

जाताना उत्कर्षा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, काकू, सर इतक्या पेशन्सनं ऐकतात, तुम्ही किती लकी. मी रामनाम वाढवलं.

ठराव : पुढच्या वेळी शिरा बंद. ग्लुकोज बिस्किटं.

३० जुलै, रविवार.

आज फार झालं.

तेजसचा फोन. डॉक्टर शेजारीच होते. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, न बोलता. कानाला लावला, जरा वेळ हॅलो हॅलो केलं, आणि परत माझ्या हातात. तूच बोल, म्हणाले, आणि गॅलरीत तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळी मी घातलं होतं. तुळस कुजेल.

तेजसनं विचारलं, बाबा काय म्हणाले गं? चिडतील म्हणून मी रोज झोपत नाहीये. बाबांनी नुसतं 'ये' म्हटलं असतं ना, तरी मी विचार केला असता.

खोटं बोलायची मला सवय नाही. छान म्हणाले, सांगितलं.

छान म्हणाले? त्यानं दोनदा विचारून घेतलं. आयएसडीचं मीटर चालूच असणार, पण त्याच्याकडचं. मग म्हणाला, ओके. बरं झालं. मग या आठवड्यात सह्या करून टाकतो.

फोन ठेवून गॅलरीच्या दाराशी गेले. तोंडाशी आलं होतं. पण ठराव म्हणजे ठराव. एकदा सांगितलेलं माणसानं लक्षात ठेवायला नको? जपच केला. त्यांनी वळून पाहिलं, माझ्या ओठांकडे. चेहरा असा केला, जसं मीच काहीतरी त्यांचं घेतलंय.

७ ऑगस्ट, सोमवार. उपास.

बातम्या इतक्या मोठ्यांदा लावतात की समोरच्या बंगल्यातली चैताली म्हणाली, काकू, आमचा टीव्ही बंद ठेवला तरी चालतं, वीज वाचते. खोचक आहे. पण वीज वाचते हे खरं.

आज एक घडलं. साबुदाणा परतत होते. डॉक्टर ओट्यापाशी येऊन उभे राहिले, अगदी समोर. अगं, तू काही म्हणालीस का?

मी मान हलवली. नाही. जप चालूच.

दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा. आत्ता काही म्हणालीस का?

लिहिताना एकदा मनात आलं, विचारलं की हो. पण नाही. ठराव नीट वाचला. 'काय झालं' असा शब्द आहे. 'काही म्हणालीस का' म्हणजे काही झालं नाहीच, असं गृहीत धरणं. हे चालणार नाही. पेशंटला असं विचारतात का?

तरी ते नरमलेत. आठवड्याच्या आत शरण येतात.

१३ ऑगस्ट, रविवार.

कॉलेजची मुलं येणार होती, आली नाहीत. शिरा झाला होता. रवा जुना होता, पोरकिडे झाले असते, म्हणून.

डॉक्टर सकाळीच बाहेर. बापूरावांना विचारलं तर जमिनीकडे बघत म्हणाले, वर्गमित्राकडे गेलेत टिळक रोडला. वहिनी, तुम्ही साहेबांशी जरा बोला की. मी म्हटलं, बापूराव, स्टूल सरकवायचं थांबवा आधी. म्हणाले, ते मी नाही सरकवत.

मग कोण, भूत?

वर्गमित्राशी गप्पा मारायला रविवार आहे. मी रामनामात ढिलाई केली नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार.

कॉलेजच्या ऑफिसातून बाईंचा फोन. सरांच्या निरोप समारंभाला कुठली तारीख सोयीची. कसला निरोप? अहो, सरांनी राजीनामा दिला ना, पत्र मंजूर झालं.

फोनची वायर बोटाला करकचून गुंडाळली. रागानं. ज्या कॉलेजातल्या मुलांसाठी घर वाऱ्यावर सोडलं, ते कॉलेज सोडलं आणि बायकोला ऑफिसातल्या बाईंकडून कळतं! त्यांनाच विचारा, म्हटलं, मला घरात कुणी काही सांगत नाही.

संध्याकाळी भाजीत तिखट दुप्पट. खाल्लं. हं म्हणाले.

२० ऑगस्ट, रविवार. सकाळ.

डॉक्टर स्वयंपाकघरात आले, पाट घेऊन बसले. हातात एक लहानशी डबी. म्हणाले, आज ऐक, मध्ये बोलू नकोस. (मी!)

जसं सांगितलं तसं लिहिते.

दोन वर्षं झाली, कान जातायत. बायकांचे, मुलांचे बारीक आवाज आधी. डावा जवळजवळ गेलाच, म्हणून स्टूल स्वतःच उजवीकडे घेतलं, कोण जाणे कोण परत डावीकडे ठेवायचं. बाकीचं बापूरावांनी निभावलं. घरी सांगितलं नाही, तेजसपर्यंत गेलं तर तो तिकडे काळजी करेल म्हणून. तुझं बोलणं तुटक तुटक यायचं, मी अंदाजानं हं, छान, करत राहिलो. पण आषाढीपासून तुझा आवाज साफ गेला. समोर उभा राहून बघितलं. दिवसभर तुझे ओठ हलतायत आणि कानात काही नाही. तुला विचारलं तर तू मान हलवायचीस. म्हणजे माझी समजूत काढत होतीस. तेव्हा ठरवलं. ज्याला घरातलं माणूस ऐकू येत नाही, त्यानं छातीला नळी कुठल्या तोंडानं लावायची? आणि मुलांना कान द्या म्हणून काय शिकवायचं? पत्र दिलं.

मग डबी उघडली, टिळक रोडच्या वर्गमित्राकडून आणलेलं मशीन कानात घातलं. मान माझ्याकडे कलती केली, त्या उत्कर्षाकडे करतात तश्शी.

आता काहीतरी बोल.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं.

दूध उतू जातंय, म्हटलं.

आलं! आलं! म्हणून ते लहान मुलासारखे हसले. दूध उतू गेलंच. मग म्हणाले, आता पहिलं सांग, तेजस काय म्हणतो? केव्हा येतोय? वरची खोली रंगवून ठेवू. कॉलेज सुटलंय, वेळच वेळ आहे.

२१ ऑगस्ट, सोमवार. उपास.

काल दुसऱ्यांदा सांगितलं. समोर बसून, शब्द शब्द सुटा करून. इकडेच राहणार. घराच्या सह्या झाल्या. चैतालीच्या घराची खिडकी लागल्याचा आवाज आला, म्हणजे तिथपर्यंत गेलं.

छान म्हणाले नाहीत. डबीचं झाकण उघडलं, लावलं. मग विचारलं, केव्हा कळलं तुला?

परवाच, म्हटलं.

मौनाचंही सांगितलं नाही. राजीनामा मंजूर झालाय, आता सांगून कागद परत येणार आहे का? आणि रामनामाला बोल लावणं बरं नव्हे. चूक असेल तर कुकरची.

चातुर्मासाचा नेम अर्ध्यात मोडला. प्रायश्चित्त गुरुजींना विचारायला पाहिजे. काय म्हणून विचारायचं, ते अजून सुचत नाही.

आज सकाळपासून बोलतेय. भाजी, पाऊस, वेणूबाईंचा गुडघा, तोंडाला येईल ते. दुपारी बघितलं तर डॉक्टर गॅलरीत बसलेले, मशीन डबीत, डबी खिशात.

काढलंत का, म्हणून हातानं विचारलं.

म्हणाले, सेल महाग आहेत.

मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणाले असणार.