लिंबाच्या पाण्यात धुतलेली चादर

सर, तुमची कार्डं अजून माझ्याकडेच आहेत. बुटांच्या सात खोक्यांत, माझ्या तिरक्या अक्षरात. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरचं तीनशे वर्षांपूर्वीचं गाव तुम्ही नवी पेठेतल्या माडीवर बसून मांडत होता, आणि मुंबईपलीकडचा समुद्र काही तुम्ही पाहिला नव्हता. कॉलेजात लोक हसायचे. मीही थोडी हसले असेन, पण रोज दुपारी यायचे. काकू भाकरीबरोबर शेंगाचटणी द्यायच्या आणि तुम्ही मला विद्यार्थिनी न समजता कामातली जोडीदार समजायचा. तसं मला तोवर कुणी समजलं नव्हतं.

तिथल्या चर्चच्या नोंदवह्यांच्या नकला परदेशातून यायच्या. कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, हे मी कार्डांवर उतरवायचे. मग प्लेगचं साल आलं. पूर्वेकडच्या जहाजातून कापडाचे गठ्ठे उतरले आणि पहिला मृत्यू कापडवाल्याच्या घरात झाला. आमचंही भवानी पेठेत कापडाचं दुकान, म्हणून तुम्ही मला चिडवलंत. पुढच्या कार्डांवर पुन्हा पुन्हा तेच येत राहिलं: दारात आलेल्या पहारेकऱ्याला घरच्यांनी सांगितलं, आमच्याकडे आजारी कुणी नाही.

"नोंदवहीत फक्त कबूल केलेलं सापडतं," तुम्ही म्हणालात. "दाराआड काय बोलत होते, ते आता कोण सांगणार?"

मी सांगू शकले असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुष्काळाच्या आधीचा तो हिवाळा, आणि माझ्या भावाच्या मुलीला देवी आल्या होत्या. आमच्या घरात त्याला रोग म्हणत नसत. देवी पाहुणी आली म्हणायचं, फोडणी बंद ठेवायची, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा. पण डहाळ्यावरून लस टोचणारे घर ओळखू लागले होते, म्हणून अव्वाने, माझ्या आईने, तो दाराच्या आतल्या बाजूला बांधला. म्युनिसिपालटीचा माणूस आला तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. "आमच्यात कुणाला न्हाय," अव्वा म्हणाली. "पोरगी अक्कलकोटला गेलीया, आजोळाला." पोरगी आतल्या खोलीत कण्हत होती. तिला दवाखान्यात नेलं तर देवी रागावेल आणि तिला घेऊन जाईल, अशी अव्वाची खात्री होती. मी शिकलेली, तरी मीही मान हलवली. पोरगी वाचली. अव्वाने तिचं अंथरूण-पांघरूण लिंबाच्या पाण्यात बुचकळून उन्हात वाळवलं. आमच्याकडे तेवढ्याने सगळं शुद्ध होत असे.

त्याच आठवड्यात कार्डांवर धूळ बसली म्हणून तुम्ही मला फार बोललात. तीनशे वर्षं टिकलेली माणसं तू आठ दिवसांत मातीत घालतेस, म्हणालात. मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी घरातल्या धुतलेल्या कपड्यांतून एक चादर उचलली आणि खोकी झाकायला घेऊन आले. तुम्ही खूश झालात. थंडी होती, म्हणून वाचताना ती अंगावर घ्यायला लागलात. अजून दिसतं मला: तुम्ही पान उलटताय, चादर छातीपर्यंत ओढताय, आणि मी समोर बसून त्या कापडवाल्याचं कार्ड लिहितेय.

बारा-तेरा दिवसांनी तुम्हाला ताप भरला. लस तुम्ही टाळली होती. लहानपणची खूण दंडावर आहे की, म्हणत होता. मग अंगावर फोड दिसले आणि काकूंनीही दाराला डहाळा बांधला. मला आत येऊ दिलं नाही. तुम्ही आतूनच विचारलंत, "तुझ्या घरी सगळे बरे आहेत ना?"

"हो, सर," मी म्हणाले.

तुम्ही ते काळजीने विचारलंत, की त्या कापडवाल्याची आठवण होऊन, हे मला आजही कळत नाही. चोराच्या मनात चांदणं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

बाजारात कुणाकडूनही लागण झाली असेल, आपल्याला काय माहीत, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता काकूही नाहीत, आणि हे पाठवायचं तरी कुठे? तुमच्याच खोक्यातल्या कोऱ्या कार्डांवर लिहितेय, तिथेच ठेवीन. सांगायचं एवढंच राहिलं. तेराव्यानंतर काकूंनी चादर घडी करून माझ्या हातात दिली. तुझी आहे, लिंबाच्या पाण्यात धुतलीय, म्हणाल्या. मी ती घेऊन सरळ गावाबाहेरच्या माळावर गेले आणि तिला काडी लावली. अव्वाला सांगितलं, चोरीला गेली. माहीत नसतं तर मी ती घरी नेली असती, सर.