वाकून वाचा

अहो,

ही चिठ्ठी फ्रिजवर माझ्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवली आहे, तेव्हा वाकूनच वाचा.

नव्या घराचा ओटा तुम्ही स्वतःच्या कमरेला माप लावून बांधून घेतलात. जन्मात कधी चहा केला नाहीत, पण उंच ओटा म्हणे दिसायला भारी! कणीक मळताना माझे खांदे भरून येतात असं सांगितलं, तर वास्तुशांतीला आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर हसून सुताराला म्हणालात, "हिला एक स्टूल करून द्या. होईल सवय."

तुम्ही कामासाठी बाहेरगावी गेलात आणि मी त्याच सुताराला बोलावलं. बेसिनवरचा आरसा आता माझ्या मापाने लावलाय. तुम्हाला त्यात शर्टाची बटणं छान दिसतील. जेवणाच्या टेबलावरचा तुमचा लाडका दिवाही बराच खाली घेतलाय. उठताना कपाळ सांभाळा. मापं घेताना टेपचं दुसरं टोक तुमच्या आईंनी धरलं होतं. त्या माझ्याहूनही बुटक्या आहेत, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का?

दाढी करताना कंबर धरली, तर ते स्टूल बाथरूममध्ये ठेवलंय. बसून करा. होईल सवय.

आम्ही दोघी माझ्या बहिणीकडे चाललोय. गवंडी ओटा फोडून खाली घेईल, त्या दिवशी परत येऊ. त्याला कधी बोलवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला घाई नाही. तोवर दोन्ही वेळचा स्वयंपाक तुम्हीच करा.

ओटा तुमच्याच मापाचा आहे.